उत्तरापुरती जागा

सुईणबाईंना बोलण्याचे भय वाटू शकते, हे त्यांना ओळखणाऱ्या कोणालाही शपथेवर सांगितले असते तरी पटले नसते. तीस वर्षे त्यांनी आपल्या गावच्या प्रसूतिगृहात बाळंतपणे केली. खाटा सहा, खिडक्या दोन, आणि पाण्याचे पातेले सदैव शेगडीवर. डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस येत; उरलेले पाच दिवस सुईणबाई आणि परमेश्वर मिळून पाहतात, असे तेथील झाडूवाली म्हणे, आणि परमेश्वराला पुष्कळदा यायला उशीर होतो, अशी पुस्तीही तीच जोडी.

त्यांची रीत वेगळी होती. कळा देणारी बाई नव्याने आली, म्हणजे इतर सुइणींचा हात आधी पोटाकडे जाई. सुईणबाई खाटेच्या पायथ्याशी बसत, तिच्या घोट्यावर आपला तळहात ठेवीत, "काय होतंय, बाळ?" एवढेच विचारीत आणि मग गप्प होत. ते गप्प होणे साधे नव्हते. त्यात घाई नसे, उपकार नसे, घड्याळाकडे जाणारी नजर नसे. पाच मिनिटे जात, कधी दहा. बाई आधी दुखण्याचे सांगे, मग भीतीचे, आणि अगदी शेवटी, बहुधा भिंतीकडे तोंड फिरवून, जे खरे सांगायचे असे ते सांगे. मागचे मूल कसे गेले. जिन्यावरून पडल्याचे घरात कोणाला सांगितलेले नाही. दोन दिवस झाले, पोटात हालचाल लागत नाही. दहा तपासण्यांत जे हाती लागले नसते ते त्या दहा मिनिटांत सुईणबाईंच्या कानी पडे. हाताखाली शिकायला आलेल्या मुलींना त्या एकच मंत्र देत. "तोंड मिटा, कान उघडा. बाई आधी गप्प राहून सांगते, मग बोलून सांगते. मधे तुमची जीभ घुसली, की तिचं राहून जातं ते कायमचंच."

पुढे ते प्रसूतिगृह बंद पडले. त्याच वर्षी यजमान गेले. परमुलखात संसार थाटलेल्या एकुलत्या लेकीने आईला आपल्याकडे बोलावून घेतले, आणि चोपन्नाव्या वर्षी सुईणबाई दोन पेट्या आणि दाखल्यांची एक फाइल घेऊन तिच्या दोन खोल्यांच्या घरी येऊन राहिल्या.

त्या मुलखात नोंदणीवाचून सुईणपण करता येत नसे. नोंदणी कार्यालयाने त्यांचे दाखले तपासले, अनुभवाची वर्षे मान्य केली, रबरी बाहुलीचे बाळंतपण करवून हातांची परीक्षाही घेतली. ती घेणारी बाई शेवटी खुर्चीवरून उठली आणि तिने सुईणबाईंचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. उरली ती तोंडी परीक्षा, तेथल्या भाषेत. तिला बसण्याची मुभा तीन वेळा. तिसऱ्यांदाही जमले नाही, तर अर्ज कायमचा निकालात निघे. मग माणसाने हयातभर मदतनीस म्हणून चादरी धुवाव्यात, भांडी विसळावीत, परंतु प्रसूतीच्या खोलीचा उंबरठा ओलांडू नये. लेक धीर देऊ लागली, की आई आता तू आराम कर, खूप केलंस, तेव्हा सुईणबाई शांतपणे म्हणत, "मूल हातात येईतो मी इथली पाहुणीच गं."

तोवरचा आधार म्हणून एका शुश्रूषागृहाच्या धुलाईखान्यात त्यांना काम मिळाले. तळघरातली खोली, धुलाईची चार अजस्र यंत्रे, कपड्यांना लागलेला औषधांचा वास, आणि इस्त्रीच्या तापल्या रुळांतून एकामागून एक बाहेर येणाऱ्या चादरी. दोघींनी टोके धरायची, झटकायची, घडी घालायची, पुढची धरायची. जिने दुसरे टोक धरलेले असे ती बाई दिवसभर बोले. सुईणबाईंना त्यातले निम्मे कळे, आणि ज्या निम्म्याला उत्तर द्यायचे ते नेमके दुसरे निम्मे असे.

वाणीचा जन्म नाभीपाशी होतो, हृदयात ती दिसू लागते, कंठात घडते आणि मग ओठांवर येते, असे आपल्याकडचे जाणते सांगत आले. हा प्रवास स्वभाषेत इतका सहज घडतो, की त्याला मुक्काम आहेत याचाही आपल्याला विसर पडतो. सुईणबाईंची ती परकी वाणी नाभीपासून निघे, कंठापर्यंत सुखरूप पोचे आणि तेथे आडवी होई. आडवे मूल कसे फिरवावे हे त्यांच्या बोटांना ठाऊक होते. आडव्या शब्दाला हात कोठून लावायचा? पहिल्या परीक्षेत तेच झाले. शब्द सारे येत होते. परीक्षकाने प्रश्न विचारला आणि दोन मिनिटे त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या. सहा महिन्यांनी दुसरी परीक्षा झाली. तेव्हा जिभेने हात टेकले म्हणून हातच पुढे झाले, आणि आसन कसे द्यावे, पाठ कशी चोळावी, हे सारे त्यांनी हवेत करून दाखवले. शेऱ्यात आले की उमेदवार हावभावांवर अवलंबून राहतो.

मग लेकीने एक वर्ग शोधून काढला. बालशाळेची खोली सायंकाळी मोठ्यांसाठी उघडत. बाके मुलांची, त्यामुळे सर्वांचे गुडघे छातीशी आलेले. एक गवंडी, एक बसचालक, दोन स्वयंपाकी आणि सुईणबाई, असे ते विद्यार्थी. शिकवणारी शिक्षिका उंच, सडपातळ, बाहीला नेहमी खडू लागलेला. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, की व्याकरण तुम्हांला पुष्कळ येते, तुम्हांला बोलण्याच्या युक्त्या येत नाहीत. आणि मुलाला ज्या आपोआप येतात त्या मोठ्या माणसाने समजूनउमजून उचलाव्या लागतात.

त्या युक्त्या सुईणबाईंनी निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत उतरवून घेतल्या. शब्द अडला तर थांबायचे नाही, वळसा घालायचा. चिमटा आठवेना तर म्हणायचे, गरम भांडे उचलतात ते. हाती जे काम असेल ते मोठ्याने बोलत करायचे. आकाशवाणीच्या बातम्या लावून निवेदकाच्या मागोमाग, त्याच्या सावलीसारखे, अर्ध्या शब्दाच्या अंतराने बोलत जायचे. नेहमी लागणारी वाक्ये अखंड पाठ करायची, म्हणजे ऐन वेळी ती सुटी सुटी जुळवावी लागत नाहीत. आपला आवाज फोनवर धरून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी ऐकायचा. शेवटची युक्ती शिक्षिकेने खडू खाली ठेवून सांगितली. "रोज बोलता येईल असं एक माणूस शोधा. त्याच्याशी बोला. मग थांबा, त्याचं ऐका, आणि तो जे बोलला त्याला धरूनच पुढचं बोला."

वहीत सुईणबाईंनी लिहिले: एक माणूस शोधणे, रोज बोलणे. पुढचे लिहिले नाही. थांबण्याचे आणि ऐकण्याचे धडे आता या वयात आपल्याला कोणी द्यावेत, असे त्यांना वाटून गेले. त्या वाटण्यात गर्व नव्हता. तीस वर्षांची साक्ष होती.

घराचे रूप मग पालटले. स्वयंपाकघरातून सकाळसंध्याकाळ परक्या भाषेत घोषणा होऊ लागल्या: मी आता कांदा चिरते, मी आता दूध तापवते, दूध उतू गेले आहे. जावई विनोदी. मोटारदुरुस्तीच्या कामावरून आला, की दारातूनच विचारी, "आई, आजच्या ठळक बातम्या काय?" सुईणबाई निवेदकाच्या ठेक्यात सांगत, की डाळ शिजली आहे, जावईबापूंनी पाय धुतल्यास वाढण्यात येईल. तो महिना बरा गेला. लेकीला पुष्कळ दिवसांनी आईच्या आवाजात तिचा आवाज ऐकू आला.

परंतु माणूस कोठून आणावे? लेकजावयाशी त्या भाषेत बोलायचे, तर दुसऱ्या वाक्याला तिघेही आपल्या भाषेत घसरत. दुकानात बोलावे, तर दुकानदार डोळे बारीक करून म्हणे, "काय?" ज्या बाईने रक्ताला पाठ दाखवली नव्हती ती त्या "काय?"पुढे पिशवी उचलून बाहेर पडे आणि साखरेवाचून घरी येई.

माणूस मिळाले ते अनपेक्षितपणे. रोज सकाळी अकराला धुतलेल्या चादरी वरच्या मजल्यावर पोचवण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्या मजल्याच्या टोकाच्या खोलीत एक वृद्ध गृहस्थ होते. एकेकाळी नकाशे काढीत; खाटेसमोरच्या भिंतीवर त्यांच्या हातचा एक मोठा नकाशा अजून होता, त्यात नद्या इतक्या बारीक रेखल्या होत्या की हाताच्या पाठीवरच्या शिरांची आठवण व्हावी. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला आणि वाचा गेली. समज शाबूत होती असे म्हणत. निश्चित कोणालाच ठाऊक नव्हते. भेटायला कोणी येत नसे.

पहिल्या दिवशी सुईणबाई सवयीने म्हणाल्या, "मी आता चादर बदलते." म्हाताऱ्याने डोळे त्यांच्याकडे वळवले. तो "काय?" म्हणाला नाही. सुईणबाईंना एकदम हलके वाटले. त्यांनी सांगितले की बाहेर वारा आहे, की यंत्र क्रमांक तीन आज आवाज करते, की माझी लेक कागदांच्या कार्यालयात काम करते. एक वाक्य चुकले, ते मोडून पुन्हा उभारले. डोळे तसेच स्थिर राहिले. त्या खोलीतून निघताना त्यांच्या लक्षात आले, की आपण पाच मिनिटे अखंड बोललो आणि कंठात काही आडवे आले नाही.

घरी सांगितले तेव्हा जावयाने त्या गृहस्थांचे नाव दगडोबा ठेवले. नाव वाईट होते आणि म्हणूनच चिकटले.

दगडोबापुढे सुईणबाईंची वाणी फुलली. आठ महिने, सुटीचे वार वगळता, रोज अकरा वाजता ती शाळा भरे. परीक्षेचा दुसरा भाग संवादाचा असतो, परीक्षकांपैकी एक जण रुग्ण होतो, हे ठाऊक असल्यामुळे त्यांनी कळा देणाऱ्या बाईशी करावयाचे सारे संभाषण लिहून काढले, शिक्षिकेकडून तपासून घेतले आणि दगडोबापुढे म्हणू लागल्या. "नमस्कार. मी तुमची सुईण आहे. तुम्हाला कळा किती वेळाने येत आहेत?" मग एक श्वासभर थांबायचे. उत्तर यायचे नव्हतेच. पण उत्तरापुरती जागा सोडायला हवी, म्हणून एक श्वास. नंतर मान डोलावून म्हणायचे, "छान. आता खोल श्वास घ्या." पुढचा प्रश्न. एक श्वास. "छान. घाबरू नका, सगळं नीट चाललं आहे." त्या श्वासाच्या मापाने वाक्ये अशी ओवली गेली, की एकाला ओढ लागली की दुसरे आपोआप पुढे येई.

"दगडोबांचे दिवस तर केव्हाच भरले," जावई जेवताना म्हणे. "आई, बाळंत होणार कधी ते?"

"तुम्ही गप्प बसा हो," लेक हसू दाबून म्हणे.

सुईणबाईही हसत. अनेक वर्षांनी आपल्याला काही येऊ लागले आहे, हे सुख त्या हसण्यात होते. प्रसूतीच्या खोलीच्या कडीला हात जवळजवळ लागला होता.

परीक्षेला तीन आठवडे उरले असताना एके दिवशी त्या मजल्यावरच्या परिचारिकेने त्यांना बोळात थांबवले. ती घाईत होती आणि भराभर बोलली. तुम्ही बोलत असता तेव्हा त्यांचे ओठ हलतात, ती म्हणाली. त्यांना काही म्हणायचे आहे असे वाटते, पण जुळवायला फार वेळ लागतो. तुम्ही विचारल्यावर जरा जास्त थांबत जा. सुईणबाईंना ओठ आणि वेळ हे दोन शब्द कळले. अर्धवट कळलेल्या कोणत्याही बोलण्याला द्यायचे पाठ वाक्य त्यांच्यापाशी होतेच. "हो, नक्की," त्या म्हणाल्या. त्या दिवशी वेळ थोडा आहे असे समजून त्यांनी वाक्ये अधिक भरभर म्हटली.

परीक्षेच्या दिवशी लेकीने रजा घेतली. कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, लांब बाकावर, दोघी शेजारी बसल्या. लेकीने आईचे केस सारखे केले, जसे आईने तिचे पहिल्या शाळेच्या दिवशी केले होते, आणि वर म्हणाली, "हात मांडीवर ठेव हं. मागच्या वेळी हातांनीच घात केला."

आत एक टेबल, तीन खुर्च्या, आवाज टिपणाऱ्या यंत्राचा तांबडा ठिपका. वयस्क परीक्षकाच्या हाती पेन्सिल. बाजूला एक तरुण परीक्षक बाई. पहिल्या भागात आपल्या कामाविषयी बोलायचे होते. सुईणबाईंनी हात मांडीवर ठेवले आणि सुरुवात केली. त्या सहा खाटांविषयी बोलल्या, पातेल्याविषयी बोलल्या, उशिरा येणाऱ्या परमेश्वराविषयी बोलल्या, आणि वयस्क परीक्षक हसला. एका अवजाराचे नाव आठवेना, तेथे त्यांनी सुरेख वळसा घातला. सात मिनिटे वाणी धबधब्यासारखी वाहिली. मधेच केव्हातरी परीक्षकाची पेन्सिल खाली ठेवली गेली होती आणि तो नुसता ऐकत होता.

मग तरुण बाईने खुर्ची पुढे ओढली. ती आता पहिलटकरीण होती. तिने एक हात पोटावर ठेवला. अभिनय बेताचाच होता, पण डोळे चांगले होते.

"नमस्कार. मी तुमची सुईण आहे. तुम्हाला कळा किती वेळाने येत आहेत?"

पाच मिनिटांनी, ती म्हणाली.

"छान. आता खोल श्वास घ्या."

तिने श्वास घेतला. मग ती खाली पाहू लागली. तिच्या हातातल्या कागदावर पुढे जे लिहिलेले असेल ते तिने वाचले नाही, पाठ असावे. ती थांबत थांबत बोलली. "माझ्या आईचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. मला काल रात्रीपासून काही हललेलं कळत नाही. माझंही तसंच होईल का?"

एक श्वास गेला.

"छान," सुईणबाई म्हणाल्या. "घाबरू नका, सगळं नीट चाललं आहे."

त्या बाईचा प्रत्येक शब्द त्यांना समजला होता. हेच त्यांना नंतर कोणाला समजावून सांगता आले नाही. समजला होता, आणि मनाचा हात तिच्या घोट्याकडे निघालाही होता. पण आठ महिन्यांचा श्वास अगोदर संपला आणि जीभ निघून गेली. उताराला लागलेल्या गाडीतून मागे पाहावे तसे त्यांनी स्वतःचे वाक्य जाताना पाहिले. तरुण बाईच्या चेहऱ्यावरून पहिलटकरीण क्षणभर पुसली गेली आणि एक दचकलेली बाई तेवढी उरली. अजूनही सावरता आले असते. चुकले तर म्हणायचे वाक्य होते: माफ करा, मी पुन्हा सांगते. ते शोधायला त्या आत गेल्या, आणि हाती आले ते रांगेत पुढे उभे असलेले. "तुम्ही फार चांगलं करत आहात," त्या म्हणाल्या.

वयस्क परीक्षकाने पेन्सिल उचलली.

बाहेर आल्यावर लेकीने विचारले, कसे झाले. सुईणबाईंनी आपले तळहात उलटे करून पाहिले आणि म्हणाल्या, "हात मांडीवरच होते गं."

पत्र बाराव्या दिवशी आले. लेकीने ते उभ्यानेच वाचले आणि आपल्या भाषेत सांगू लागली. उच्चार चांगले, वाक्यरचना उत्तम, शब्दसंपदा पुरेशी. येथवर येऊन ती अडखळली. सुईणबाईंनी कागद तिच्या हातून घेतला. पुढचे त्यांना वाचता येत होते, तेवढे त्या शिकल्या होत्या. उमेदवार रुग्णाचे ऐकत नाही. रुग्णाच्या जिवाला धोका संभवतो. अर्ज बंद.

"आपण अपील करू," लेक म्हणाली. "आई, माणसं आहेत ती, चुकतात."

"चुकले नाहीत ते," सुईणबाई म्हणाल्या. "माझ्या हाताखालच्या मुलीनं असं केलं असतं, तर मी तिला त्याच दिवशी घरी पाठवली असती."

तीस वर्षांत जे एक करू नका म्हणून त्यांनी शंभर मुलींना सांगितले, ते परक्या जिभेने त्यांच्याकडून करवून घेतले होते. भाषा न येण्याचे दुःख त्या पेलत होत्याच. या दुःखाला धरायला कड नव्हती. पूर्वी निदान एक गोष्ट अभंग होती: मला बोलता येत नाही, पण मी सुईण आहे. आता बोलता येत होते.

लेकीने वही उशापाशी आणून ठेवली, त्यांनी ती कपाटात कपड्यांखाली ठेवली. स्वयंपाकघरातल्या घोषणा थांबल्या. दूध उतू गेले तरी कोणी तसे जाहीर केले नाही. शिक्षिकेचा निरोप आला, की वर्गाला या, परीक्षेसाठी नाही तरी या. सुईणबाईंनी कळवले, हो, नक्की. आणि त्या गेल्या नाहीत.

कामावर मात्र जावेच लागे. पुढच्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, अकराला, त्या चादरी घेऊन टोकाच्या खोलीत गेल्या. आज काही बोलायचे नव्हते. चादर बदलली, उशी झटकली. जाताना त्यांना दिसले, की म्हातारा त्यांच्या तोंडाकडे पाहतो आहे आणि त्याचे ओठ हलत आहेत. परिचारिकेचे बोळातले बोलणे त्यांना आता, पाच आठवडे आणि एक पत्र उशिरा, पुरतेपणी कळले.

त्या खाटेच्या पायथ्याशी बसल्या. पांघरुणावरून त्याचा घोटा चाचपला आणि त्यावर तळहात ठेवला. तो घोटा सुकलेल्या फांदीसारखा होता. "काय होतंय, बाळ?" त्या म्हणाल्या. आपल्या भाषेत म्हणाल्या. दुसरी कोणती त्या वेळी आलीच नाही. आणि मग गप्प झाल्या, जशा पूर्वी होत.

खूप वेळ गेला. तळघरात इस्त्रीच्या रुळापाशी कोणीतरी एकटीच चादरीचे एक टोक धरून त्यांची वाट पाहत असेल, हे त्यांना ठाऊक होते. म्हाताऱ्याने मान हळूहळू भिंतीकडे, त्या नकाशाकडे, फिरवली. त्याच्या गळ्यातली शीर ताठ झाली. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. आडवे मूल फिरताना पोटावर जसा डोंगर उठतो आणि विरतो, तसे काही त्या कंठात चालले होते, आणि सुईणबाईंनी कितीतरी महिन्यांनी आपला श्वास न मोजता रोखून धरला.

मग तो बोलला. एकच शब्द. अस्पष्ट नव्हता, पूर्ण होता, सावकाश होता, पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याने तो स्वतः बाहेर आणला.

सुईणबाईंना तो शब्द येत नव्हता.

त्यांनी आपल्या पाठ केलेल्या चारशे वाक्यांतून तो शोधला. बातम्यांत नव्हता, स्वयंपाकघरात नव्हता, बाळंतपणात नव्हता. माणसाचे नाव असेल, नदीचे असेल, पाणी मागण्याचा किंवा वेदना सांगण्याचा एखादा जुना शब्द असेल. सगळ्यात आधी पाठ केलेले वाक्य त्यांना बरोबर आठवले आणि त्यांनी ते निर्दोष उच्चारले. "मला समजलं नाही. कृपया पुन्हा सांगाल का?"

म्हाताऱ्याने डोळे मिटले. दोन वर्षांची पुंजी त्या एका शब्दात खर्ची पडली होती. त्याचा चेहरा मात्र निवलेला दिसत होता. आपले म्हणणे पोचले, असे त्याला वाटत असावे.

त्या बोळात आल्या. परिचारिका औषधांची गाडी लोटत येत होती. तिला विचारावे म्हणून सुईणबाईंनी तो शब्द ओठांवर आणला. पण खाट ते दार एवढ्या अंतरात त्याच्या कडा झिजल्या होत्या, आणि जे बाहेर पडले ते कोणत्याच भाषेतले नव्हते.

"काय?" परिचारिका म्हणाली.

"काही नाही," सुईणबाई म्हणाल्या, आणि रिकामी टोपली घेऊन खाली गेल्या.

त्या सायंकाळी जावई बऱ्याच दिवसांनी पहिल्यासारखा वागायचा प्रयत्न करीत होता. घरातली शांतता त्यालाही सोसवत नव्हती. ताटावर बसता बसता, जुन्या सवयीने, त्याच्या तोंडून निघून गेले, "मग आई, काय म्हणतात आमचे दगडोबा?" लेकीने त्याच्याकडे रोखून पाहिले, तेव्हा त्याला आपली चूक कळली.

"म्हणाले," सुईणबाई म्हणाल्या.

दोघेही त्यांच्याकडे पाहू लागली. "बोलले ते?" लेकीने हळूच विचारले. "आई, काय म्हणाले?"

सुईणबाईंनी घास ताटात परत ठेवला.

"मला नाही कळलं," त्या म्हणाल्या, आणि आपले ताट उचलून आत गेल्या.